पुढच्या साथीत पुणे पुन्हा संपूर्ण बंद करावे का?

पर्वती पायथा

दुबईहून परतलेल्या एका दांपत्याला करोनाची लागण झाल्याचे ९ मार्च २०२० रोजी पुण्यात निष्पन्न झाले आणि राज्यातील पहिली नोंद आपल्या शहराच्या नावावर पडली. २५ मार्चपासून देश बंद झाला. पुढे राष्ट्रीय टाळेबंदी शिथिल झाल्यावरही, जुलैमध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड दहा दिवस पुन्हा बंद ठेवण्यात आले. अशा सरसकट टाळेबंदीला माझा विरोध आहे. रोजगार बुडाला हे त्याचे एक कारण झाले. परंतु मुख्य आक्षेप असा, की ही साथ ज्या रीतीने पसरते त्या रीतीशी हा उपाय जुळत नव्हता.

हा विषाणू प्रामुख्याने बंद जागेतील हवेतून, बोलण्या-खोकण्यातून पसरतो आणि लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच रुग्ण इतरांना बाधित करू शकतो. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या सहा माणसांना ‘घरातच थांबा’ असे सांगणे म्हणजे एकाची लागण उरलेल्या पाच जणांना वाटून देणे होय. सार्वजनिक नळ आणि सार्वजनिक शौचालय यांसाठी त्यांना दिवसातून अनेकदा रांगेत उभे राहावे लागत होते, ते वेगळेच. जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये शहरातील पाच प्रभागांत रक्तातील प्रतिपिंडांची पाहणी झाली, तेव्हा ५१.५ टक्के नमुन्यांत पूर्वी लागण होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या; लोहियानगर-काशेवाडीत हे प्रमाण ६५.४ टक्के होते, तर कसबा-सोमवार पेठेत ३६.१ टक्के. रस्त्यांना पत्रे ठोकून, बांबू बांधून आपण नेमके काय अडवले, हा प्रश्न ही आकडेवारी वाचल्यावर पडायलाच हवा.

निवृत्त परिचारिका

पाहणीसाठी निवडलेले पाचही प्रभाग ज्यांत रुग्णसंख्या अधिक होती असेच होते. त्यामुळे तो आकडा साऱ्या शहराला लावता येणार नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, किती जणांना लागण झाली यापेक्षा किती जणांना एकाच वेळी झाली, यावर रुग्णालयातील मृत्यू ठरतात.

साधा हिशेब करून पाहावा. एक रुग्ण सरासरी अडीच जणांना बाधित करतो आणि एका फेरीला पाच दिवस लागतात असे धरले, तर महिन्याभरात सहा फेऱ्या होतात आणि सहाव्या फेरीत एकाचे जवळजवळ अडीचशे होतात. लोकांचा संपर्क कमी करून तीच सरासरी १.२ वर आणली, तर सहाव्या फेरीत जेमतेम तीन रुग्ण असतात. टाळेबंदीने साथ संपत नाही, हे मलाही मान्य आहे. तिने वेळ मिळतो. मार्चमध्ये आमच्या हातात ठोस उपचार नव्हते. डेक्सामेथासोन हे स्वस्त औषध प्राणवायूवर असलेल्या रुग्णांचे मृत्यू कमी करते, हे जूनमध्ये कळले. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावरील जम्बो रुग्णालय ऑगस्टच्या अखेरीस उभे राहिले.

एप्रिल २०२१ मध्ये रुग्ण एकदम वाढले तेव्हा काय झाले, ते आठवावे. गंभीर रुग्णाला मुखवट्यातून मिनिटाला पंधरा लिटर प्राणवायू लागतो. मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे सात हजार लिटर असतो, म्हणजे एका रुग्णाला एक सिलिंडर पूर्ण आठ तासही पुरत नाही. वॉर्डात असे वीस रुग्ण असतील तर दिवसाला साठाहून अधिक सिलिंडर हवेत, आणि ते आणणारा टेम्पो वाहतुकीत अडकला तर काय, या विचारानेच तेव्हा हातपाय गळत असत.

गुलटेकडीचा आडतदार

ताई, प्राणवायूचा हिशेब बिनतोड आहे. आता बाजाराचाही ऐकावा. एप्रिल २०२० मध्ये मार्केट यार्ड बंद झाले, पण शेतातली मेथी थांबली नाही. तिची जुडी दुसऱ्या दिवशी पिवळी पडते आणि तिसऱ्या दिवशी गुरांपुढे टाकावी लागते. त्या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन सरकारच्या पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी घसरले, तरी शेती मात्र ३.४ टक्क्यांनी वाढली होती. माल होता, गिऱ्हाईक होते. मधला दुवा तेवढा तोडला गेला.

त्या दुव्यावर हमाल, तोलणार, टेम्पोवाले आणि पथारीवाले जगतात. हमाली नगावर मिळते. गाडी आली नाही तर त्या दिवसाची कमाई शून्य. रिझर्व्ह बँकेने मार्चपासून ऑगस्टपर्यंत कर्जाचे हप्ते लांबवण्याची मुभा दिली, ती बँकेच्या कर्जदारांना. हमालाचे कर्ज हातउसने असते, त्याला कसली आली मुभा? शिवाय खरेदीची गर्दी नाहीशी होत नाही. ती मोकळ्या आवारातून उठून गल्लीबोळांत जाते, जिथे तिच्यावर कोणाचेच लक्ष नसते.

औंधकर

अर्थव्यवस्था टाळेबंदीने बुडाली, हे गृहीतकच तपासून पाहिले पाहिजे. स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यातच घेतला, तेव्हा शहरात कोणीही महिनोन्महिने टाळेबंदी लादली नव्हती. तरी लोक तोंडाला रुमाल बांधून फिरत होते आणि गर्दीच्या जागा टाळत होते. स्वीडनने २०२० मध्ये कडक टाळेबंदी टाळली, तरी त्या वर्षीच्या दुसऱ्या तिमाहीत त्यांचे उत्पादन सुमारे ८ टक्क्यांनी घटले आणि मृत्यूंचे प्रमाण शेजारच्या नॉर्वेपेक्षा कितीतरी अधिक राहिले. भीती बसली की हॉटेल उघडे असूनही ओस पडते. आदेश असो वा नसो, गल्ल्यावर परिणाम व्हायचा तो होतोच.

पर्वती पायथा

स्वीडनचे उदाहरण आपल्याच मुद्द्याला मारक आहे. तिकडे ८ आणि इकडे जवळजवळ २४, हा फरक भीतीने कसा भरून काढणार? हिंजवडीतला अभियंता लॅपटॉप घेऊन घरी बसला आणि त्याचा पगार चालू राहिला. चाकण-भोसरीच्या लहान कारखान्यांतील कंत्राटी कामगार मात्र बिहार-उत्तर प्रदेशाच्या वाटेला लागला, आणि श्रमिक रेल्वेगाड्या सुरू व्हायला १ मे उजाडला.

औंधकर

फरकाचा काही भाग टाळेबंदीचा आहे, हे नाकारत नाही. परंतु स्वीडनमध्ये आजारी पडून घरी बसलेल्या कामगाराला भत्ता मिळतो, आपल्याकडे बहुसंख्य कामगारांना साधी पगारी रजाही नाही. त्या दरीचे खापर टाळेबंदीवर फोडून कसे चालेल? ती दरी आधीपासूनचीच आहे.

कसबा पेठ

सक्तीबद्दल पुणेकरांना वेगळे सांगायला नको. १८९७ च्या प्लेगमध्ये रँडच्या हाताखालच्या सैनिकांनी घरे तपासली, माणसे उचलून छावण्यांत नेली. परिणामी लोक रुग्ण लपवू लागले आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर काय घडले ते सर्वश्रुत आहे. त्याच वर्षीचा साथरोग कायदा आपण २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला. गंमत अशी, की प्लेगच्या प्रसारात उंदरांवरच्या पिसवांचा हात आहे, हे सिमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ मध्ये दाखवले. म्हणजे त्याच्या आदल्या वर्षी सारे बळ माणसांवर खर्च झाले आणि उंदीर मोकळे राहिले. याउलट, १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करतानाच गेल्या. लोकांचा विश्वास कोणत्या मार्गाने मिळतो, याचा विचार प्रशासनाने करावा.

दोन मुलांची आई

शाळांचे नाव अजून कोणी कसे घेतले नाही? राज्यातील हॉटेले आणि बार ५ ऑक्टोबर २०२० रोजी उघडले. पुणे शहरात पहिली ते चौथीचे वर्ग भरायला डिसेंबर २०२१ उजाडला. ज्या घरात एकच मोबाईल आणि तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा, तिथली मुले तिसरीत न बसताच थेट चौथीत पोहोचली. टाळेबंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी या क्रमाचे समर्थन करून दाखवावे.

निवृत्त परिचारिका

मी करणार नाही; तो क्रम चुकीचाच होता. माझे म्हणणे साथीच्या सुरुवातीच्या चार-सहा आठवड्यांपुरते आहे, जेव्हा रोगाची ओळखही धड झालेली नसते.

पर्वती पायथा

मग माझ्याही अटी मांडतो. बंद करायचेच असेल तर ज्या दिवशी आदेश निघेल त्याच दिवशी मजुराच्या खात्यात पैसे जमा व्हावेत. दाट वस्तीतील बाधितांसाठी शाळा-मंगल कार्यालयांत राहण्याची, हवेशीर आणि ऐच्छिक सोय असावी. उठवण्याची कसोटीही आधीच जाहीर करावी. शहरातील रुग्णालयांची प्राणवायूची रोजची मागणी ही मला सर्वांत प्रामाणिक कसोटी वाटते.

निवृत्त परिचारिका

पहिल्या दोन अटी मान्य. तिसरी धोक्याची आहे, कारण लागण होऊन प्राणवायू लागेपर्यंत दहा-बारा दिवस जातात. आपण मागणीकडे पाहून निर्णय घ्याल तेव्हा पुढच्या दोन फेऱ्या होऊन गेलेल्या असतील. मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांतील नमुन्यांत विषाणूचे प्रमाण आधी दिसते, तपासणीला कोणाला दवाखान्यातही जावे लागत नाही. कसोटी ती असावी.

गुलटेकडीचा आडतदार

माझी एकच अट जोडावी: किमान तीन दिवसांची पूर्वसूचना. २४ मार्चला रात्री आठ वाजता घोषणा आणि बारा वाजता देश बंद. तोवर जुन्नर-पुरंदरच्या शेतांत पहाटेचा माल काढून ठेवलेला होता.

निवृत्त परिचारिका

तीन दिवस जुलै २०२० मध्ये मिळाले होतेच. १० तारखेला घोषणा झाली, १३ च्या मध्यरात्रीपासून बंद, आणि मधल्या दिवसांत किराणा-भाजीसाठी जी झुंबड उडाली ती आपल्याच आवाराने पाहिली असेल.

गुलटेकडीचा आडतदार

पाहिली. माल पुढेही मिळत राहील, असे कोणी खात्रीने सांगितले असते तर एवढी उडाली नसती. घाऊक बाजार बंदच्या यादीतून वगळा, मग सूचना एका दिवसाची दिलीत तरी माझी तक्रार नाही.