आयपीस हलतं म्हणून स्कोप भंगार? जरा थांबा

टेक्सासकर
परवा इथेच 'रेंजवरचा राम्या' यांनी सल्ला दिला : दुकानात स्कोप (रायफलवरची दुर्बीण) हातात घ्या, डोळ्याकडचं टोक, म्हणजे आयपीस, चिमटीत धरून हलवा, जरा जरी हललं तर परत काउंटरवर ठेवा, किंमत काही का असेना. खाली 'लाख बोललात'ची रांग. एकाने तर चांगला दोन हजार डॉलरचा स्कोप परत करून टाकला. म्हणून हा धागा.

अहो, आयपीस म्हणजे भिंग. नेम तिथे ठरत नाही. निशाण्याची प्रतिमा आणि रेटिकल (नेम धरायची फुली) नळीच्या आत आधीच एका पातळीवर जुळलेले असतात, आपण ती जोडी मोठी करून बघतो, इतकंच. रेटिकल झूमच्या भिंगांपुढे असो (फर्स्ट फोकल प्लेन) की मागे (सेकंड), ते आयपीसच्या आधीच येतं. फोटोवर भिंग धरून हलवलंत तर फोटोतल्या माणसाचं नाक कानाकडे सरकतं का?

मी करून बघितलंय. रायफल वाळूच्या पिशव्यांत घट्ट बसवली, १०० यार्डांवर आलेखाचा कागद लावला आणि मित्राला म्हटलं, हलव आयपीस. सगळं दृश्य डुललं, पण कागदाच्या चौकटींवरून रेटिकल तसूभर सरकलं नाही. माझ्या दुसऱ्या स्कोपचं आयपीस मात्र दगडासारखं. त्याच्या उंचीच्या नॉबवर १० मिल फिरवले (मिल म्हणजे कोनाचं माप, अंतराचा हजारावा भाग). १०० यार्डांवर ३६ इंच वर जायला हवं, गेलं सव्वापस्तीस. दोन टक्के चूक. .३०८ च्या काडतुसाला हजार यार्डांवर ११ मिलच्या आसपास फिरवावे लागतात, म्हणजे तिथे आठेक इंचांचा घोळ. दुकानात चिमटीत धरून हे कळलं असतं?

रेंजवरचा राम्या
नाव घेतलंच आहे तर उत्तर घ्या. शितावरून भाताची परीक्षा, हे आमच्या आजीने शिकवलं. जो भाग गिऱ्हाइकाच्या हातात येतो तोच खुळखुळा, तर नॉब फिरवल्यावर नेम सरकवणाऱ्या आतल्या नळीची, इरेक्टर ट्यूबची, स्प्रिंग कशी असेल? तिथे कोण बघायला जातंय? तीन हजार डॉलर मोजून मला लहान मुलाचा खुळखुळा नको. बाकी ज्याने पैसे भरलेत तो समर्थन करणारच.

भोसरीचा लेथवाला
राम्याभाऊ, शीत चेपून बघतात. पातेल्याचं झाकण हलवून भात शिजला का ते कळत नाही.

तेवीस वर्षं टूलरूममध्ये आहे. रायफल कधी हातात धरली नाही, पण आटे माझ्या रोजच्या जेवणातले. ज्या आयपीसचा डायॉप्टर (आपल्या नजरेला रेटिकल स्पष्ट करायची रिंग) फेरी-दीड फेरीत पूर्ण फिरतो, त्याचे आटे मोठ्या पिचचे, म्हणजे लांब-लांब, आणि बहुतेक मल्टिस्टार्ट, म्हणजे एकाशेजारी अनेक. अ‍ॅल्युमिनियमवर अ‍ॅल्युमिनियम बिनक्लिअरन्सचं बसवलं तर चावतं आणि जाम होतं. म्हणून फट ठेवतात, ग्रीस भरतात, रबराची ओ-रिंग घालतात. तुम्हाला हाताला लागते ती हीच फट. जुन्या अमेरिकन पद्धतीत बारीक आटे आणि मागून लॉक रिंग असायची. रिंग आवळली की सगळं ठप्प, कारण ती ढिलाई एका बाजूला दाबून टाकते. ढिलाई तिथेही होतीच, फक्त दिसत नव्हती.

टेक्सासकर
हेच! नाइटफोर्स कंपनीच्या एनएक्सएस स्कोपला तर मॅग्निफिकेशन बदलताना अख्खं आयपीसच फिरतं. तो भंगार म्हणणारा अजून भेटला नाही.

मिल_की_एमओए
थांबा, इतका आनंद नको. तुमची वाळूच्या पिशव्यांची टेस्ट पॅरलॅक्स (डोळा हलला की रेटिकल निशाण्यावरून सरकल्यासारखं दिसणं) शून्य करून केली होती ना? मग रेटिकल सरकणार कसं? पॅरलॅक्स राहिलेला असेल तर प्रतिमा आणि रेटिकल दोन वेगळ्या पातळ्यांवर असतात. तेव्हा आयपीस कलणं आणि डोळा सरकणं यात फरक उरत नाही. पॅरलॅक्सचा नॉब ३०० यार्डांवर ठेवून १०० वर मारणारे किती आहेत ते रेंजवर जाऊन मोजा.

टेक्सासकर
मान्य. पण तो दोष नॉब न फिरवणाऱ्याचा. आयपीसला का फाशी?

मिल_की_एमओए
'मान्य' एवढंच पुरे होतं.

कोल्हापूरची नेमबाज
राम्यादादा कुठून बोलतायत ते मला कळतंय. आमच्या ५० मीटरच्या रायफलीवर दुर्बीण चालतच नाही. पुढे रिंग, मागे बारीक छिद्राची पीप साइट. तिथे मागची साइट हलली तर सगळं संपलं, कारण तीच नेम ठरवते. माझ्या दोन्ही साइटमध्ये ८० सेंटिमीटर अंतर आहे. मागची ०.१ मिलिमीटर सरकली की ५० मीटरवर ६ मिलिमीटरचा फरक, आणि दहाचं वर्तुळ सगळं मिळून १०.४ मिलिमीटरचं. आमच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेंनी पॅरिसला २०२४ मध्ये ४५१.४ करून ब्राँझ आणलं. दशांशात गुण मोजतात तिथे ढिली साइट कोण सहन करेल? पण दादा, पीप साइटचा नियम स्कोपला लावू नका.

रेंजवरचा राम्या
ताई, मी एनसीसीत पीप साइटवरच शिकलो. म्हणून काय डोळे मिटून खुळखुळा घ्यायचा?

चाळिशीग्रस्त
मूळ प्रश्न बाजूला राहू दे, मला मदत करा. वय ४७, जवळचा नंबर प्लस दीड, प्रोग्रेसिव्ह चष्मा. आयपीस रोज फिरवावं लागतं, कालचं आज धूसर. ढिल्या आट्यांमुळे आपोआप फिरतं का?

कोल्हापूरची नेमबाज
आयपीस नाही हो, तुम्ही फिरताय. पालथं झोपून नेम धरताना मान खाली, म्हणून आपण काचेच्या वरच्या, नाकाजवळच्या कोपऱ्यातून बघतो. प्रोग्रेसिव्हला तिथे चित्र तिरकं होतं. शूटिंगसाठी साधा एकाच नंबरचा चष्मा करा.

लेन्सवाले काका
आणि डायॉप्टर लावायची पद्धतच लोकांची चुकते. निशाण्याकडे टक लावून रिंग फिरवत बसतात. तरुण डोळा दोन सेकंदांत स्वतःच जुळवून घेतो, त्याला सगळं स्पष्टच दिसतं. चाळिशीनंतर ती लवचीकता जाते आणि माणूस स्कोपला शिव्या घालतो. रायफल रिकामी करा. पांढऱ्या भिंतीकडे किंवा आकाशाकडे धरा (सूर्याकडे नाही, हेही सांगावं लागतं). डोळे मिटा, उघडा. पहिल्या क्षणालाच रेटिकल काळंकुळकुळीत दिसलं पाहिजे. मग पेन्सिलीने खूण करा आणि पुन्हा हात लावू नका.

चाळिशीग्रस्त
काका, पण बायफोकल चालेल का?

लेन्सवाले काका
वरचा भाग लांबचा असतो, म्हणून प्रोग्रेसिव्हपेक्षा बरा. पण खालची रेघ मध्ये येते.

टेक्सासकर
माझ्या बाबांनी बायफोकल लावून...

कोकणी फणस
तुमचं चालू द्या चष्मापुराण. इकडे रानडुकरांनी माझी अर्धी भातशेती लोळवली. पीकसंरक्षणाच्या परवान्यासाठी तीन वर्षं चकरा मारतोय, दर वेळी एक नवा कागद. आणि तुम्ही तीन हजार डॉलरच्या भिंगाची गंमत करताय.

रेंजवरचा राम्या
फणसराव, परवान्याचा वेगळा धागा काढा की.

कोकणी फणस
काढला होता. दोन प्रतिसाद आले, त्यातला एक माझाच.

भोसरीचा लेथवाला
राम्याभाऊ, एक गोष्ट तुमच्या पदरात टाकतो, नाहीतर झोप लागायची नाही. ढिलाई नवीन असतानाची किती, ते एकदा बघून ठेवा. सहा महिन्यांनी वाढली, एकाच बाजूला जास्त लागली किंवा फिरवताना करकर आली, तर ग्रीस गेलंय नाहीतर ओ-रिंग फाटलीय. मग वाफ धरू नये म्हणून आत भरलेला नायट्रोजन जाऊन पावसाळ्यात आत वाफ धरणार. ही तक्रार खरी. दुकानात एकदा हलवून बघितलं, ती तक्रार नव्हे.

रेंजवरचा राम्या
म्हणजे हलवून बघायचं! मी काय वेगळं म्हणत होतो?

टेक्सासकर
देवा.

रेंजवरचा राम्या
ठीक आहे, ठीक आहे. रविवारी माझ्या दगडी आयपीसवाल्या स्कोपची १० मिलची टेस्ट करतो. ३६ इंच भरले तर इथे पेढे मागू नका, आणि नाही भरले तर मी हा धागा वाचलाच नव्हता.

चाळिशीग्रस्त
काका, खूण पेन्सिलीनेच का? नेलपॉलिश चालेल? बायकोचं आहे.