एचआयडी लावणाऱ्यांनो, समोरून आम्हीही येतो!

सिमरोलकर: काल इथे एकानं छाती फुगवून लिहिलं, ‘बुलेटला एचआयडी (तो झगझगीत पांढरा दिवा) ठोकला, इंदूरच्या खंडवा रोडवर रात्रीचा दिवस! समोरच्याला त्रास होत असेल तर डोळे तपासून घ्यावेत.’ तो समोरचा मी. अहो, एच-फोर हॅलोजन बल्बमध्ये डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी असते. रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्यावर उजेड पडू नये म्हणून ती. पडला तर तो थेट समोरच्याच्या तोंडावर. एचआयडीत फिलामेंटच नाही, नळीत आर्क जळतो. तुमचा रिफ्लेक्टर त्याच्यासाठी घडवलेलाच नाही, मग उजेड फाकणारच. भेरूघाटाच्या वळणावर असला दिवा समोर आला की रस्त्याची कड गायब. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम १८२-अ वाचा, असल्या बदलाला ५,००० रुपये दंड आहे.

बुलेटराजे: मीच तो. मूळ दिवा म्हणजे देव्हाऱ्यातलं निरांजन होतं, त्यात म्हैस दिसायची ती धडकल्यावर. एचआयडी ३५ वॅटचा, हॅलोजन ६०/५५, म्हणजे अप्परला ६०, डिपरला ५५. वायरिंगवर भार उलट कमीच. दंडाचं म्हणाल, तर पोलीस सायलेन्सर बघतात, दिवा नाही.

रिले_मास्तर: भार कमी, पण पेटल्यानंतर. पेटताना बॅलास्ट, म्हणजे एचआयडीला वीज पुरवणारी डबी, कितीतरी जास्त खेचतो. विझून परत पेटवला की पूर्ण उजेड यायला काही सेकंद जातात, ते घाटात मोजून बघ. त्यातून ८००० केल्विनचा, म्हणजे निळसर उजेडाचा, घेतला असशील तर पावसात बोंबच.

विजयनगरच्या काकू: तुमचे बल्ब राहू द्या हो. मंडीला जाणाऱ्या ट्रॉल्यांना मागे लाल दिवा नसतो, त्यावर कोणी बोलेल का? गेल्या सोयाबीनच्या हंगामात आमच्या दिरांची स्कूटर अशाच ट्रॉलीत घुसली. हात अजून वर जात नाही.

देपालपूरवाला: झालं, आलं शेतकऱ्यावर! रेडियमची पट्टी लावतो आम्ही. चिखलानं झाकली जाते.

विजयनगरच्या काकू: फडकं मारायला काय मुहूर्त लागतो?

देपालपूरवाला: रात्रभर मंडीच्या रांगेत उभ्या राहा, मग विचारा. शहरात बसून शिकवणं सोपं आहे.

बुलेटराजे: बघा! बिनदिव्याची ट्रॉली दिसावी म्हणूनच एचआयडी लागतो.

सिमरोलकर: वा! तुम्हाला ट्रॉली दिसणार आणि तुमच्यामुळे मी तिच्यात घुसणार.

देपालपूरवाला: ट्रॉली चालवताना समोरून हेच पांढरे दिवे येतात. बुलेटवाल्याची बाजू मी घेणार नाही. काकू, पट्टी पुसेन, पण टोमणे आवरा.

रिले_मास्तर: बुलेटराजे, जुन्या होल्डरपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोचतच नाही, म्हणून तुझं निरांजन. बॅटरीवरून रिले (दिव्याला थेट वीज देणारा स्विच) टाकून चांगला ६०/५५ हॅलोजन लावून बघ.

बुलेटराजे: रिले आहेच, बॅलास्टसाठी टाकलेला. बरं, तुमचा पुण्यवान हॅलोजनही लावून बघतो, सिमरोलकरांच्या नाजूक डोळ्यांसाठी. म्हैस दिसली नाही तर एचआयडी परत चढणार, आधीच सांगतो.

सिमरोलकर: कोणत्या दिवशी परत चढवताय तेवढं कळवा, त्या रात्री मी बसनं जाईन.