घोड्यावर बसवून मुलांना खरंच फरक पडतो का?

नाशिकची_आई
नमस्कार. माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचाल आणि तोल बिघडलेला, दोन्ही पाय ताठ. वॉकर धरून चार-पाच पावलं टाकतो, पण खाली बसवला की दोन मिनिटांत डावीकडे कलतो. फिजिओथेरपी अडीच वर्षं चालू आहे. आता तर ते निळं टेबल दिसलं तरी रडायला लागतो. पुण्यात घोड्यावरची थेरपी करतात असं कळलं. दर आठवड्याला नाशिकहून जाणं म्हणजे अख्खा दिवस मोडणार, शिवाय फी. सासूबाई म्हणतात, त्यापेक्षा जत्रेतल्या घोड्यावर फेरी मारून आण, घोडा तो घोडाच. कोणी अनुभव घेतलाय का?

उगाचच
श्रीमंतांची फॅडं आहेत हो सगळी. त्या पैशात घरी फिजिओ लावा.

फिजिओ_सोलापूर
फॅड नाही, पण जादूही नाही. घोडा कदम चालतो तेव्हा बसणाऱ्याची कंबर पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलते आणि थोडी वळतेही. आपण चालताना हलते तशीच. मिनिटाला साधारण शंभर पावलं, आणि प्रत्येक पावलाला मुलाला तोल सावरावा लागतो. टेबलावर एवढ्या वेळा हे मी करून घेऊ शकत नाही. २००३ साली सेरेब्रल पाल्सीच्या १५ मुलांवर एक प्रयोग झाला. काहींना ८ मिनिटं घोड्यावर बसवलं, बाकीच्यांना तेवढाच वेळ नुसत्या पिंपावर. दोन्ही बाजूंच्या स्नायूंचा समतोल सुधारला तो घोड्यावरच्या मुलांचा. पण २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात ९९ मुलांचा १० आठवड्यांचा अभ्यास झाला, त्यात एकूण हालचालीत लक्षणीय फरक दिसला नाही. बसण्याचा तोल सुधारावा म्हणून जात असाल तर जा, चालायला लागेल म्हणून जाऊ नका. आधी खुब्यांचा एक्स-रे काढा. फिट येत असतील तर न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय अजिबात नको. आणि जत्रेतला घोडा तर नकोच.

शनिवारचा_बाबा
ताई, मी डॉक्टर नाही, बँकेत आहे. माझी लेक आता अकरा वर्षांची. तुमच्या मुलासारखंच, शिवाय तिच्या पायांची कात्री व्हायची, एकमेकांवर चढायचे. सहाव्या वर्षापासून तीन वर्षं दर शनिवारी नेली, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिल्या शनिवारी ती बसलीच नाही. तबेल्याच्या दारातून लिदीचा वास घेऊन आलो आणि वर फी भरली. (चिडलो होतो, खोटं कशाला बोलू.) दुसऱ्या शनिवारी रॅम्पवरून बसवली. खोगीर नाही, जाड घोंगडी आणि पट्टा. पुढे लगाम धरून मोतद्दार, दोन्ही अंगांना एकेक जण तिच्या मांडीवर हात ठेवून. मांड्या उघडेनात. आता ही किंचाळणार असं वाटलं. शिकवणाऱ्या बाईंनी घोडीला पाच-सात मिनिटं नुसतं उभं ठेवलं. घोड्याचं अंग आपल्यापेक्षा एखाद अंशाने गरम असतं, हे मला तेव्हा कळलं. मग चालवली. तिसरी फेरी असेल, बघतो तर तिचा उजवा पाय सैल सुटून खाली लोंबतोय. तोच पाय घरी आम्ही गरम पिशवीने शेकून शेकून अर्ध्या तासाने तेवढा सोडवायचो.

तीन वर्षांत मिळालं काय, तर स्टुलावर पाठीला टेकू न घेता बसून जेवते. चालणं वॉकरवरच. आम्हाला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगतोय.

मग घोडी म्हातारी झाली, मागच्या पायाने लंगडायला लागली. तिला एका आश्रमात पाठवलं. वरातीचे घोडे, वीटभट्टीवरची गाढवं, असली थकलेली जनावरं तिथे ठेवतात. लेकीने हट्टच धरला, म्हणून गेलो. तिथला नियम असा की कुठल्याच जनावरावर बसायचं नाही. म्हटलं, झालं, आता ही काय करणार? तिथल्या काकांनी तिच्या हातात खरारा दिला. वॉकरमधून हात घोडीपर्यंत पोचेना. तिने वॉकर सोडला, डावा हात आयाळीत रुतवला आणि उजव्याने खरारा करायला लागली. केस, धूळ सगळं तोंडावर उडत होतं, ही शिंकतेय आणि घासतेय. बायकोने व्हिडिओ काढला होता म्हणून सांगू शकतो, अकरा मिनिटं उभी होती. घरी बारला धरून तीन मिनिटांत ‘बाबा, पुरे’ म्हणते.

घोडी एक पाऊल सरकली असती तर ही पडली असती. मी मागे हात पसरून उभा. घोडी शेपटीने माश्या हाकलत राहिली, बस.

आता शनिवार बंद आहेत. महिन्यातून एका रविवारी आश्रमात जातो, फी नाही, जाताना चाऱ्याच्या चार पेंढ्या नेतो. लेकीचं तिथे काम ठरलेलं आहे, पाण्याची बादली भरली की नाही ते बघायचं.

तुम्ही जागा बघायला जाल तेव्हा आधी घोडं बघा. पाठीवर खोगिराचे व्रण आहेत का, खुर वाढलेत का, दिवसाला किती मुलं त्याच्यावर बसतात. पाठ दुखणारं जनावर वाकडं चालतं, मग तुमच्या मुलाची कंबरही वाकडीच हलणार. आणि दर आठवड्याला नाशिक-पुणे करू नका. जवळ कुठे असा आश्रम असेल तर आधी नुसता खरारा करायला न्या.

उगाचच
अकरा मिनिटांचं वाचून गप्प बसलो. माफ करा.

नाशिकची_आई
दादा, फिजिओताई, खूप आभार. बुधवारी एक्स-रे आहे. इथून वीस किलोमीटरवर गाढवं सांभाळणारे एक जण आहेत, रविवारी या म्हणालेत. सासूबाईही येतायत, गाढवाचीच थेरपी बघायचीय म्हणे. मुलाला तुमचं सगळं वाचून दाखवलं. तो विचारतोय, घोडीचं नाव काय?

शनिवारचा_बाबा
चिमणी. गाजर नाकारते, गूळ मागते. गूळ डॉक्टरांनी बंद केलाय, त्यामुळे सध्या आमच्यावर रुसलीय.