पायलट झाला, साहेब खूश, आता म्हणतात टेंडर भरा

फाईल_कुठेय:
आमची पाच जणांची टीम आहे, नागरिकांच्या तक्रारी वाचून आपोआप योग्य विभागाकडे पाठवणारं सॉफ्टवेअर बनवलंय. एका सरकारी खात्यात सहा महिने फुकट पायलट, म्हणजे चाचणी म्हणून वापर, केला, सगळे खूश, कौतुकाचं पत्रपण दिलं, आणि आता म्हणतात टेंडर निघेल त्यात भरा, त्यात अट काय तर मागच्या तीन वर्षांची भलीमोठी उलाढाल. अहो तीन वर्षांपूर्वी कंपनीच नव्हती! ज्या साहेबांनी आत घेतलं त्यांचीही बदली झाली. यातून कुणी पार पडलंय का?

सही_शिक्का:
मी टेबलाच्या पलीकडचा, खरेदीतच नोकरी गेली. साहेब खूश असणं वेगळं आणि बजेट असणं वेगळं. पायलट होतो बजेटच्या एका हेडमधून, म्हणजे खर्चाच्या सदरातून, पुढे रोज चालवायचा खर्च पडतो दुसऱ्याच हेडवर, आणि त्या हेडवाल्याला तुमच्या डेमोला कुणी बोलावलेलंच नसतं. वर टेंडरशिवाय एकाच कंपनीला काम दिलं की ऑडिटवाले सही करणाऱ्यालाच धरतात. तो कशाला मान अडकवेल?

रात्रपाळी:
यावर उपाय निघालेत की. युरोपियन युनियनच्या 2014 च्या खरेदी नियमांत इनोव्हेशन पार्टनरशिप म्हणून प्रकार आहे, स्पर्धा सुरुवातीलाच होते, मग बनवणं आणि विकत घेणं एकाच करारात, ठरलेला दर्जा आणि कमाल खर्च पाळला की दुसरं टेंडर नाही. स्कॉटलंडमधे 2016 पासून सिव्हटेक नावाची सरकारी योजना चालू आहे, तिथे खातं तयार स्पेसिफिकेशन देत नाही, नुसती अडचण मांडतं, आणि निवडलेल्या टीमला पैसे देऊन काम करून घेतं. फुकट पायलट ही मुळात चूकच, पुढे आकडा सांगायला तोंड राहत नाही.

फाईल_कुठेय:
ते तिकडचं झालं हो. आमच्या हातात काय आहे?

सही_शिक्का:
टेंडर निघाल्यावर, भरायच्या आधी शंका विचारायला प्री-बिड मीटिंग असेल तर तिथे उलाढालीच्या अटीवर लेखी हरकत घ्या, नंतर बोंब मारून उपयोग नाही. नाहीतर मोठ्या कंपनीखाली सब-कॉन्ट्रॅक्ट, मार्जिन जातं पण अनुभवाचा दाखला मिळतो. आणि एक विचारतो, तुमचं सॉफ्टवेअर त्यांच्या जुन्या सिस्टीमला जोडलेलं होतं का? एस्टोनियाने 2001 मधेच एक्स-रोड आणला तो यासाठीच, खात्यांच्या डेटाबेसना एकमेकांशी बोलायला एकच ठरलेला रस्ता.

फाईल_कुठेय:
नाही हो... रोज सकाळी तिथल्या ऑपरेटर मॅडम एक्सेल मेल करायच्या.

सही_शिक्का:
मग नव्या साहेबांच्या आधी खात्याच्या आयटी सेलला गाठा. त्या मॅडम रजेवर गेल्या की तुमचा पायलट बंद.