कृष्णधवल टीव्हीची पिक्चर ट्यूब मंदावली आहे, हीटरचा व्होल्टेज वाढवून भागवू की रिज्युव्हनेट (कॅथोड पुन्हा ताजा) करू?

नमस्कार मंडळी,

आजोबांचा व्हॉल्व्हवरचा (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारा) कृष्णधवल टीव्ही गेले चार महिने दुरुस्त करतोय. सगळे पेपर कॅपॅसिटर आणि इलेक्ट्रोलिटिक बदलून झाले. आवाज स्वच्छ आहे, चित्र स्थिर राहतं, कडा सरळ आहेत. गाडी अडलीय ती पिक्चर ट्यूबपाशी. तिच्यात हीटर कॅथोडला तापवतो, कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो आणि ग्रिड त्यांचा प्रवाह कमीजास्त करतो. ट्यूब मूळचीच आहे आणि बदलायला दुसरी माझ्याकडे नाही, म्हणून आणखी हात घालण्याआधी विचारतोय.

टीव्ही लावला की चार-पाच मिनिटं पडदा काळाच. मग राखाडी, मेलेलं चित्र हळूहळू वर येतं. अर्ध्या तासाने जरा बरं दिसतं. पण ब्राइटनेस वाढवायला गेलं की पांढरा भाग उजळतच नाही, चंदेरी होतो. माणसाच्या कपाळावर आणि गालावर अॅल्युमिनियमचा रंग फासल्यासारखा दिसतो आणि त्यात नाक, भुवया सगळं बुडून जातं.

पहिला संशय ईएचटीवर (ट्यूबच्या अॅनोडला लागणाऱ्या हजारो व्होल्टवर) घेतला. रेक्टिफायर व्हॉल्व्ह डीवाय८७ आहे. पण तो कमजोर असता तर ब्राइटनेस वाढवताना चित्र फुग्यासारखं फुगून अंधुक झालं असतं. इथे आकार जराही हलत नाही. तरी तो बदलून पाहिला, फरक शून्य. ईएचटी प्रोबवर ब्राइटनेस कमी असताना १६ किलोव्होल्ट येतात आणि पूर्ण वाढवला तरी फारसे खाली येत नाहीत.

ट्यूबमध्ये हवा शिरलेली नाही. मानेच्या आतला गेटरचा (उरलीसुरली हवा शोषणाऱ्या धातूचा) थर अजून आरशासारखा चकचकीत आहे. हवा गेली असती तर तो दुधासारखा पांढरा पडला असता. खोलीत अंधार करून मागून पाहिलं की हीटरचा नारिंगी ठिपका दिसतो. सॉकेटचे संपर्क घासून साफ केले, त्यानंतर थेट पिनांवर मोजले तर ६.२ व्होल्ट. टीव्ही थंड असताना हीटर-कॅथोड आणि ग्रिड-कॅथोड यांच्यात मीटर काहीच दाखवत नाही, म्हणजे शॉर्टही नाही.

मग कॅथोडच्या वायरमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर घालून त्याच्यावरचा व्होल्टेज मोजला. ०.१ व्होल्ट म्हणजे १० मायक्रोअँपिअर, असा सोपा हिशेब. ब्राइटनेस पूर्ण वाढवून पाच मिनिटांनी ०.३ व्होल्ट, अर्ध्या तासाने ०.५५. म्हणजे जेमतेम ५५ मायक्रोअँपिअर. एवढ्यात उजळ चित्र कसं मिळणार?

खात्री करायला ट्यूबचा हीटर व्हॉल्व्हच्या साखळीतून (सगळे हीटर एकामागोमाग जोडलेले असतात) सोडवला. साखळी ३०० मिलीअँपिअरची आहे, म्हणून त्याच्या जागी २१ ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर लावला आणि हीटरला वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर दिला. ६.३ व्होल्टवर चित्र होतं तसंच. ७ व्होल्ट दिले आणि दहा मिनिटांत कॅथोडच्या रेझिस्टरवर १.१ व्होल्ट! कपाळ पांढरं झालं, भुवया परत आल्या. इतक्या दिवसांनी पडद्यावर माणसाचा चेहरा माणसासारखा दिसला तेव्हा फार बरं वाटलं. पुन्हा ६.३ वर आणलं की चित्र परत मेलेलं. त्यामुळे दोष कॅथोडच्या एमिशनमध्येच (इलेक्ट्रॉन सोडण्यातच) आहे याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही.

अडचण इथून पुढे आहे. माझ्या ओळखीचे एक जुने मेकॅनिक म्हणतात, सरळ रिज्युव्हनेट कर. हीटर वाढवून ग्रिडला पॉझिटिव्ह द्यायचं, कॅथोडवरचा विषारलेला वरचा थर जळून आतला ताजा ऑक्साइड उघडा पडतो. तत्त्व मला पटतं. पण तो थर मुळात पातळ असतो, त्याचा टवका उडून ग्रिडमध्ये अडकला तर आज आहे तेवढं चित्रही जाईल. मला स्वतःला आधी सौम्य उपाय करावासा वाटतो: ईएचटी बंद ठेवून नुसता हीटर ७ व्होल्टवर काही तास तापवायचा, मग ६.३ वर पुन्हा मोजायचं.

ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सांगा: असं तापवून एमिशन टिकाऊ सुधारलं का, की दोन दिवसांत पहिल्यावर आलं? ७ व्होल्ट कायमचेच ठेवले तर रोज तासभर वापरात ट्यूब साधारण किती काळ चालली? आणि रिज्युव्हनेट करावंच लागलं तर ग्रिडचा करंट मर्यादित ठेवायला तुम्ही मालिकेत काय लावलं होतं, साधा रेझिस्टर की बल्ब?

आणखी एक. वेगळ्या ट्रान्सफॉर्मरवरचा हीटर सध्या अधांतरी आहे. कॅथोडवर शंभराच्या वर व्होल्ट असतात. हीटरचं एक टोक चॅसिसला बांधू की कॅथोडला? कॅथोडला बांधलं तर ट्रान्सफॉर्मरच्या कॅपॅसिटन्सने चित्राची बारीक रेघ मऊ पडेल अशी भीती वाटते.

चॅसिस लाइव्ह आहे (मेन्सशी थेट जोड), त्यामुळे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय काम करत नाही, आणि अॅनोड कॅपला हात लावण्याआधी तो ट्यूबच्या बाहेरच्या काळ्या लेपाशी डिस्चार्ज करतो. तुमची उत्तरं येईपर्यंत हीटर ६.३ वरच ठेवतोय.