पूर्ण भूल दिल्यावरही डोळ्याला ब्लॉक द्यावा का?

भूलतज्ज्ञ (धाग्याची सुरुवात):
डोळ्याच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) लांबणाऱ्या शस्त्रक्रियांत आणि मुलांच्या तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेत पूर्ण भुलेच्या जोडीला डोळ्याभोवती स्थानिक भूल, म्हणजेच ब्लॉकही द्यावा, असे माझे ठाम मत आहे. बेशुद्ध रुग्णाला वेदना जाणवत नाही हे खरे, परंतु डोळ्याचा स्नायू ओढला जाताच ट्रायजेमिनल मज्जातंतूतून मेंदूकडे गेलेला संदेश व्हेगस या मज्जातंतूवाटे हृदयाकडे उतरतो आणि नाडी एकाएकी मंदावते. ही प्रतिक्षिप्त क्रिया १९०८ पासून वैद्यकाला ठाऊक आहे. ब्लॉक हा संदेश उगमापाशीच रोखतो. शिवाय अफूवर्गीय वेदनाशामके कमी लागत असल्यामुळे नंतरची मळमळ आणि उलट्याही घटतात.

नेत्रशल्यचिकित्सक:
मला हे पटत नाही. नाडी मंदावली तर मी स्नायूवरचा ताण सोडतो, गरज पडल्यास आपण नाडी वाढवणारे ॲट्रोपिन देता आणि बहुतेक वेळा प्रश्न तिथेच मिटतो. त्यासाठी प्रत्येक डोळ्यामागे सुई का घालायची? नेत्रगोलाची लांबी २६ मिलिमीटरहून अधिक असलेल्या, तीव्र लघुदृष्टीच्या डोळ्यात सुई आरपार जाण्याचा धोका वाढतो, आणि जागा असलेला रुग्ण जसा कळ येताच सांगतो तसा बेशुद्ध रुग्ण सांगू शकत नाही. तिरळेपणात तर रुग्ण जागा झाल्यावर डोळे हलवायला सांगून टाके जुळवायचे असतील, तर सुन्न झालेले स्नायू मला काय दाखवणार?

भूलतज्ज्ञ:
जुळवता येणाऱ्या टाक्यांच्या रुग्णांना ब्लॉक देऊ नये, याबाबत आपल्यात मतभेद नाही. मात्र सुईचा आक्षेप सब-टेनन पद्धतीला तितकासा लागू होत नाही, कारण तिच्यात नेत्रश्लेष्मला (डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा पातळ पापुद्रा) किंचित कापून बोथट कॅन्युला (बारीक नळी) नेत्रगोलाभोवतीच्या टेननच्या आवरणाखाली सरकवतात. रक्तस्राव आणि नेत्रश्लेष्मलेची सूज तिथेही होऊ शकते, पण नेत्रगोलाला छिद्र पडण्याची शक्यता बरीच कमी होते. ॲट्रोपिन नाडी सावरते, वेदना नाही. स्क्लेरल बकल (सुटलेला पडदा परत बसावा म्हणून नेत्रगोलावर बाहेरून बसवलेली पट्टी) बसवलेल्या रुग्णाला जाग येतानाच्या पहिल्या काही तासांत जो ठणका सोसावा लागतो, त्यावर ब्लॉकमधले बुपिव्हाकेन हे स्थानिक भुलेचे औषधच खरा दिलासा देते.

रिकव्हरीतील परिचारिका:
ब्लॉक दिलेले मूल बहुधा शांतपणे जागे होते, हे मी पाहते. मात्र डोळा काही तास सुन्न राहील, पापणी उघडणार नाही, हे पालकांना आधी सांगितलेले नसेल तर ते घाबरून जातात. पूर्ण भुलेच्या संमतीतच ब्लॉकची संमती गृहीत धरू नये.

नेत्रशल्यचिकित्सक:
संमतीचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. बकलसाठी सब-टेननलाही माझी हरकत नाही. परंतु स्थानिक भुलेचे औषध स्नायूला इजा करून दुहेरी दृष्टी मागे ठेवू शकते, आणि ब्लॉक देतानाच्या दाबानेही नाडी मंदावल्याच्या नोंदी आहेत. म्हणून ब्लॉक सरसकट नको: पॅरासिटामॉल आणि उलटीवरचे औषध पुरेसे असेल अशा छोट्या शस्त्रक्रियेत तो टाळावा, आणि द्यायचा असेल तर नेत्रगोलाची लांबी मोजल्याशिवाय देऊ नये.