आधी यादी कापा, स्वस्त सेवा मग शोधा

तारांगण_वही (धागालेखक)

काल इथेच एकाने लिहिलं होतं, ४० हजार लोकांना फुकटात न्यूजलेटर कसं पाठवायचं. उपाय काय, तर दहा जीमेल खाती उघडा, यादीचे दहा तुकडे करा, पत्ते बीसीसीत (एकमेकांना न दिसणाऱ्या रकान्यात) टाका आणि रोज थोडे थोडे पाठवत राहा. खाली "मस्त आयडिया", "सेव्ह करून ठेवतो" असे प्रतिसाद. ते वाचून राहवेना म्हणून वेगळा धागा काढतोय. लांब होईल, पण अर्धवट लिहून उपयोग नाही.

साध्या जीमेल खात्यातून दिवसाला ५०० जणांना पाठवता येतं, पैसे भरून गूगलचं वर्कस्पेस घेतलं तर २०००. म्हणजे एका खात्यातून ४० हजारांना ८० दिवस, दहा खात्यांतून ८ दिवस. साप्ताहिक असेल तर हा अंक पोचायच्या आत पुढचा तयार! आणि एकाच दिवशी उघडलेल्या दहा खात्यांतून तोच मजकूर शेकडो अनोळखी पत्त्यांवर जातोय हे गूगलला दिसत नाही असं वाटतं का कुणाला? खाती एकेक करून बंद पडतात. त्याहून वाईट म्हणजे बीसीसीत अनसबस्क्राइबची, म्हणजे यादीतून स्वतःचं नाव काढायची, सोयच नाही, मग कंटाळलेला माणूस स्पॅमचं बटण दाबतो आणि त्यात त्याची काही चूक नाही.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने नियम घट्ट केलेत. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५००० च्या वर पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच त्याच नावाच्या मालकाकडून आलाय हे पटवणाऱ्या नोंदी) तिन्ही लागतात, एका क्लिकचं अनसबस्क्राइब लागतं आणि स्पॅमच्या तक्रारी हजारी तीनच्या खाली लागतात. आउटलुकनेही मे २०२५ पासून तीच वाट धरली.

आता माझा मुद्दा. पाठवणं महाग नाहीये. ॲमेझॉनची मेल पाठवायची सेवा, एसईएस, हजार मेलला १० सेंट घेते. ४० हजार नावं, महिन्याला चार अंक, १ लाख ६० हजार मेल, १६ डॉलर. महाग पडते ती यादी, कारण बऱ्याच तयार सेवा नावं मोजून पैसे घेतात, काही तर सोडून गेलेल्यांचीही मोजतात. आम्ही आकाशदर्शनाचं पत्र काढतो, यादी होती ३८ हजारांची. वर्षभरात ज्यांनी एकही अंक उघडला नाही, एकही लिंक दाबली नाही ते सगळे काढले. उरले ११ हजार. खर्च उतरला आणि मेल स्पॅममधून इनबॉक्समध्ये यायला लागले. म्हणून म्हणतो, आधी यादी कापा.

---

शिळं_टपाल

२७ हजार माणसं बाहेर काढलीत आणि ते अभिमानाने सांगताय? त्यातले किती खरंच वाचत नव्हते हे तुम्हाला कसं कळलं? "उघडलं नाही" म्हणजे त्या मेलमधलं एक ठिपक्याएवढं चित्र तुमच्या सर्वरवरून उतरलं नाही, एवढंच. ज्याने चित्रं बंद ठेवलीत तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतो आणि तुमच्या हिशेबात मेलेला. उलट सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने मेलची प्रायव्हसी आणली तेव्हापासून ज्यांनी ती सोय चालू ठेवलीय त्यांच्याकडे माणसाने मेल बघितला नाही तरी चित्रं आपोआप उतरतात. म्हणजे वाचणाऱ्याला हाकललं आणि न वाचणाऱ्याला पंगतीत बसवलं.

माझ्या पत्राच्या एक वाचक आहेत, निवृत्त शिक्षिका. पाच वर्षांत त्यांनी एकही अंक "उघडला" नाही अशी नोंद. आणि त्याच बाई दर अंकानंतर मला शुद्धलेखनाच्या चुका कळवतात, परिच्छेद नंबर टाकून! तुमच्या कात्रीत त्या पहिल्या गेल्या असत्या.

---

तळघर_सर्वर

दोघंही उगाच गुंता वाढवताय. छोटा सर्वर भाड्याने घ्या, मेल पाठवणारं पोस्टफिक्स टाका, यादी सांभाळणारं लिस्टमंक टाका, संपलं. लिस्टमंक फुकट आहे, मुक्त आहे, जोडीला पोस्टग्रेस हा डेटाबेस लागतो बस. मी चार वर्षं स्वतःच्या सर्वरवरून पाठवतोय, हजाराला शून्य सेंट. ईमेल हे मुळात कुणाच्या परवानगीशिवाय चालावं म्हणूनच बनलं होतं, १९८२ मध्ये एसएमटीपी, म्हणजे मेल पाठवायची पद्धत, लिहिली गेली तेव्हा दोन-तीन कंपन्यांना विचारून मेल टाकायचा असं कुठे होतं? आज आपणच सगळं त्यांच्या हातात दिलं.

---

तारांगण_वही

@तळघर_सर्वर, किती नावं आहेत तुमच्या यादीत?

---

तळघर_सर्वर

९००. पण तत्त्व तेच.

---

तारांगण_वही

तत्त्व तेच नाही हो. ९०० ला कुणी विचारत नाही. नव्या आयपीवरून (सर्वरच्या इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) पहिल्याच दिवशी ४० हजार सोडा आणि मग बघा. त्या आयपीला कुणी ओळखत नाही, त्याची पत शून्य, आठवडेच्या आठवडे थोडे थोडे वाढवत न्यावं लागतं. कित्येक क्लाउडवाले पोर्ट २५, म्हणजे मेल बाहेर जायचं दार, मुळातच बंद ठेवतात. उलटा डीएनएस (आयपीवरून सर्वरचं नाव सांगणारी नोंद) नीट नसेल तर समोरचा दारातूनच परत पाठवतो. आणि तुमच्या आधी त्याच आयपीवर कुणी घाण करून गेला असेल तर स्पॅम पाठवणाऱ्यांची काळी यादी ठेवणाऱ्या स्पॅमहाउसकडे नाव काढायची विनंती करत बसा. लिस्टमंक जरूर वापरा, मीही तेच वापरतो, पण खालून मेल एसईएससारख्या सेवेतून जाऊ द्या.

---

तळघर_सर्वर

ठीक आहे, ४० हजारांसाठी तुमचं मान्य. पण ९०० वाल्यांना घाबरवू नका, इथे वाचणारे निम्मे तेवढेच असतात.

---

पायरीवरची_शाई

मी एका छोट्या संस्थेचं पत्र सांभाळते, बिनपगारी. तुम्ही सगळे म्हणताय यादी कापा, नका कापू, पण कापायचा अधिकार माझ्याकडे आहेच कुठे? आमच्या वार्षिक अहवालात "५२ हजार वाचकांपर्यंत पोचतो" असं वाक्य छापलं जातं. मी दोनदा सांगितलं की यातले निम्मे पत्ते मेलेले आहेत, उत्तर काय, तर आकडा खाली गेलेला चांगला दिसत नाही. वर दरवर्षी कुणीतरी प्रदर्शनात गोळा केलेली व्हिजिटिंग कार्डं आणून टेबलावर टाकतं, "हेपण घाल गं यादीत". त्या माणसांनी कार्ड दिलं ते कामासाठी, आमचं पत्र हवंय असं कुठे म्हटलं? मागच्या वर्षी अशीच ६००० नावं एकदम घातली, सकाळी अंक सोडला आणि दुपारी सेवेने आमचं खातं थांबवलं. बाउन्सच, म्हणजे न पोचता परत आलेले मेल, इतके आले. वर्गणीदार असलेले जे खरे वाचक होते त्यांनाही तीन आठवडे काही गेलं नाही, आणि बोलणी खाल्ली मी.

म्हणून मला बजेटपेक्षा हा प्रश्न मोठा वाटतो. ज्याला पत्र हवंय त्यानेच स्वतः नाव घातलेलं असावं, आणि नाव घातल्यावर आलेल्या मेलवर "हो" म्हटल्याशिवाय ते यादीत जाऊ नये. हे डबल ऑप्ट-इन पहिल्या दिवसापासून असतं तर कापायची वेळच आली नसती.

---

कडी_कोयंडा

माफ करा पण इथे सगळे एका गोष्टीवरून सहज पुढे गेले. कुणी किती वाजता मेल उघडला, किती वेळा उघडला, कोणत्या यंत्रावर उघडला, हे तुम्ही लोकांना न सांगता टिपताय आणि त्यावरून ठरवताय की कोण राहील. पत्र पाठवणारा पत्राच्या पाकिटात कॅमेरा ठेवतो का? तारे बघायला शिकवणाऱ्या पत्राला माणसांवर नजर ठेवायची गरज काय पडली?

---

तारांगण_वही

नजर ठेवत नाही. एकेका माणसाचं नाव घेऊन आम्ही काही बघत नाही, एकूण आकडे बघतो.

---

कडी_कोयंडा

मग २७ हजार नावं कशी काढली? एकूण आकड्यावरून? नाव घेऊनच काढली ना. प्रत्येकाच्या मेलमध्ये वेगळा ठिपका होता म्हणूनच कळलं.

---

तारांगण_वही

हे बघा, दहा वर्षं मी हे पत्र पदरमोड करून चालवतोय, एकाचाही पत्ता कुणाला विकलेला नाही, आणि तुम्ही मला पाळत ठेवणारा म्हणताय. धाग्याचा विषय पाठवण्याचा खर्च आहे.

---

कडी_कोयंडा

पाळत ठेवणारा म्हटलं नाही, पाळत ठेवता म्हटलं, आणि खर्चाचा विषय तुम्हीच त्या ठिपक्यावर उभा केलात. विकलं नाही हे चांगलंच. पण गोळा केलेलं कधी ना कधी फुटतं. मी ज्या ठिकाणी काम करायचो तिथून अशीच एक यादी बाहेर गेली, नुसते पत्ते नव्हे तर कोण कुठल्या आजाराविषयीचे लेख उघडतो तेसुद्धा. एका बाईंनी फोन करून विचारलं, माझ्या घरच्यांना हे कळेल का? मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून ठिपका दिसला की माझं डोकं फिरतं. जे गोळाच केलं नाही ते फुटत नाही.

---

शिळं_टपाल

कडी_कोयंडा यांचं आणि माझं म्हणणं वेगळ्या वाटांनी एकाच जागी येतंय, की ठिपका काढा. पण मग मेलेले पत्ते ओळखायचे कसे याचं उत्तर हवं ना.

---

पायरीवरची_शाई

मेलेले पत्ते ठिपक्याशिवायही कळतात की. समोरचा सर्वर ५५० हा कोड देऊन "असा पत्ताच नाही" म्हणून परत पाठवतो तो पत्ता गेलेला, पहिल्याच फटक्यात काढायचा. ४ ने सुरू होणारा कोड आला तर पेटी भरलीय किंवा सर्वर तात्पुरता बंद आहे, त्याला दोन-तीन अंक संधी द्यायची. आणि जे जिवंत आहेत पण वाचतात की नाही माहीत नाही, त्यांना सरळ विचारायचं, "तुम्हाला हे पत्र पुढेही हवंय का?" असा साधा मेल. हो म्हटलं तर ठेवायचं.

---

शिळं_टपाल

विचारा जरूर, पण "इथे क्लिक करा" एवढ्यावर भागवू नका. मोठ्या ऑफिसांत सुरक्षेचं सॉफ्टवेअर असतं, ते आलेल्या मेलमधल्या सगळ्या लिंका स्वतःच उघडून तपासतं. माझी अनसबस्क्राइबची लिंक नुसती उघडली की नाव निघून जायचं. एका रात्रीत साडेतीनशे वाचक गेले, सगळे एकाच मोठ्या ऑफिसातले! मला वाटलं अंकात काहीतरी भयंकर छापलं गेलं, तीन वेळा वाचून काढला. मग कळलं की माणसाने बोटही लावलं नव्हतं. एका क्लिकच्या अनसबस्क्राइबचा जो नियम आहे, आरएफसी ८०५८, त्यात नुसतं पान मागणाऱ्या गेटऐवजी काहीतरी बदलायला सांगणारी पोस्ट विनंती याचसाठी ठेवलीय. तेव्हा लिंक उघडल्यावर एक पान यावं आणि त्यावर बटण असावं, "हो, पाठवत राहा". बटण माणूसच दाबतो.

आणि धागालेखक, हेच तुमच्या "एकही लिंक दाबली नाही" लाही लागू आहे. दाबलेल्यांत यंत्रं किती होती?

---

तारांगण_वही

हे मी धरलं नव्हतं. मान्य. ११ हजारांत काही यंत्रं असतील आणि २७ हजारांत काही माणसं असतील. पण कापल्यावर मेल इनबॉक्समध्ये जायला लागले हेही खरंच आहे, आणि पाठवणाऱ्याला तक्रारींचं प्रमाण दाखवणाऱ्या जीमेलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये ती रेघ खाली आलेली मी डोळ्यांनी बघितलीय. तेव्हा कापणं चूक होतं हे मी म्हणणार नाही. कापायची पट्टी चूक होती, एवढंच.

---

शिळं_टपाल

एवढंच मीही म्हणत होतो. त्यासाठी इतके प्रतिसाद लागले.

---

रोजचा_प्रवासी

कालचा तो धागा माझा होता. इथे माझी आयडिया मूर्खपणाची ठरवली ते वाचलं. मी पैसे वाचवायला बघत होतो, कुणाला त्रास द्यायला नाही. घरून चालणारं काम आहे, मेलसाठी वेगळं बजेट नाहीच, मग माणूस जे फुकट दिसतं ते करतो. आज सकाळी दहापैकी दोन खाती लॉक झाली, म्हणून इकडे आलो. नावं साधारण ४० हजार, आठ वर्षांत जमलेली, काही ग्राहक, काही चौकशी करून गेलेले. आता नेमकं काय करू ते सांगा, बाकी भांडण तुमचं तुम्ही करा.

---

तारांगण_वही

तुम्हाला मूर्ख म्हटलं नाही, पण माझा सूर तसा लागला असेल तर चूक माझी.

उरलेली आठ खाती आजच थांबवा. स्वतःचं डोमेन (तुमच्या नावाचं डॉट कॉमसारखं) नसेल तर ते आधी घ्या, जीमेल डॉट कॉमचा पत्ता पुढे लावून दुसऱ्या सेवेतून पाठवलेलं जीमेल स्पॅममध्ये टाकू शकतं किंवा परत पाठवू शकतं. डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्कच्या नोंदी घाला, एक संध्याकाळ जाईल. एसईएस सुरुवातीला सँडबॉक्समध्ये ठेवतं, दिवसाला २०० मेल आणि तेही फक्त तपासून घेतलेल्या पत्त्यांवर, बाहेर पडायला अर्ज करावा लागतो. अर्जात लोकांनी नाव कसं दिलं ते खरं लिहा. बाउन्स ५ टक्क्यांवर गेले की ते खातं तपासणीखाली घेतात, १० च्या वर पाठवणं थांबवू शकतात, म्हणजे ४० हजारांत २००० मेलेले पत्ते निघाले की तुम्ही पहिल्याच अंकाला अडकलात. म्हणून ४० हजार एकदम सोडू नका. गेल्या वर्षभरातले ग्राहक आधी, त्यांचे बाउन्स काढा, मग त्याआधीच्या वर्षाचे. आठ वर्षांपूर्वी चौकशी करून गेलेल्याला तुमचं नावही आठवत नसेल, तो स्पॅमच दाबेल, त्याला सोडून द्या.

---

रोजचा_प्रवासी

मग ४० चे १० हजार उरतील.

---

पायरीवरची_शाई

उरू देत. १० हजारांना महिन्याला चार अंक म्हणजे ४ डॉलर, वरच्याच हिशेबाने. आणि नवीन नाव घेताना डबल ऑप्ट-इन लावा, नाहीतर आठ वर्षांनी परत इथेच याल.

---

कडी_कोयंडा

आणि ठिपका लावू नका. लिस्टमंकमध्ये प्रत्येकाचा वेगळा माग ठेवणं बंद करता येतं.

---

तारांगण_वही

@कडी_कोयंडा, पुढचे दोन अंक मी ठिपक्याशिवाय पाठवून बघतो. काढलेल्या २७ हजारांना एकच मेल टाकणार, बटणवालं पान देऊन, रोज हजाराच्या तुकड्याने. किती परत आले ते इथेच लिहीन.

---

कडी_कोयंडा

काढून टाकलेल्यांना परत मेल? त्यांना एकदा सोडलंत ना.

---

तारांगण_वही

त्यांनी मला सोडलं नव्हतं, मी त्यांना काढलं होतं, न विचारता. एकदा विचारणं मला भाग आहे.

---

शिळं_टपाल

त्यात निवृत्त शिक्षिका असतील तर चुका तपासून पाठवा.